पदार्थ काय सोसून आला आहे? खानदेशी अन्नातून डीएनए काढताना

विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. अर्धं पिकलेलं केळं कुस्करायचं, त्यात पाणी, अर्धा चमचा मीठ आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून हलकेच ढवळायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि काचेच्या नळीतल्या त्या द्रवावर फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट कडेकडेनं सोडायचं. थोड्या वेळात दोन थरांच्या मधे पांढरट धागे तरंगायला लागतात. साबण पेशींची स्निग्ध आवरणं फोडतो, मीठ डीएनएवरचा ऋणभार झाकतं आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही म्हणून तो वेगळा पडतो. जळगाव जिल्ह्यात केळ्यांना तोटा नाही, तेव्हा हा प्रयोग इथल्या प्रत्येक शाळेनं करावाच. पण मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी: ते धागे म्हणजे निव्वळ डीएनए नव्हे. त्यात केळ्याचं पेक्टिन भरपूर असतं, कारण पेक्टिनही अल्कोहोलमध्ये तसंच गोळा होऊन वर येतं.

प्रयोगशाळेतली खरी मेहनत या पेक्टिनपासून सुरू होते. पेशी फोडून डीएनए बाहेर काढणं फारसं कठीण नाही. त्याच्यासोबत येणारे पिष्टमय पदार्थ, तेल, टॅनिन, प्रथिनं आणि रंग मागं ठेवणं कठीण आहे, आणि यांतलं काय किती येणार हे पदार्थ कोणता आहे, तो कसा पिकला, भाजला, दळला किंवा तळला यावर ठरतं. बाजारात मिळणाऱ्या किटच्या पुस्तिकेला कळण्याची भाकरी ठाऊक नसते. तुम्हाला असते. जळगाव, धुळे, शिरपूर, अमळनेर इथल्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा कृषी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे, आणि त्यांच्या घरात जे ज्ञान आधीपासून आहे ते प्रयोगाच्या वहीत उतरावं एवढ्यासाठी तो लिहिला आहे.

आधी प्रश्न, मग पिपेट

डीएनए कशासाठी काढायचा हे ठरल्याशिवाय नमुना घेऊ नका. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग ‘हे केळं रावेरचंच आहे का, हे डीएनएवरून सांगता येईल का?’ असा प्रश्न विद्यार्थी हौसेनं निवडतात. येत नाही. आज आपल्याकडे बहुतेक लागवड ग्रँड नैनची, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत जी-नाइनची, आणि तीही ऊतिसंवर्धित रोपांची आहे. तीच जात आंध्रात आहे, गुजरातेत आहे, इक्वेडोरमध्येही आहे. कॅव्हेंडिश गटातलं हे त्रिगुणित, ३३ गुणसूत्रांचं, बी न धरणारं फळ रोपापासून रोप असंच वाढतं, त्यामुळे तापीकाठचं आणि समुद्रापारचं जी-नाइन जनुकीय दृष्ट्या जवळपास एकच असतं. डीएनए जात सांगतो, माती सांगत नाही. मातीसाठी मूलद्रव्यांची आणि समस्थानिकांची तपासणी लागते.

भरिताच्या वांग्याचं तसं नाही. त्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, पण ते बियांपासून वाढतं, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखून जपलेलं आहे. बामणोद परिसरातल्या खात्रीच्या झाडांचे नमुने हाताशी असतील, तर तुलनेचा प्रश्न इथे अर्थपूर्ण ठरतो.

आणखी एक चूक टाळा. केळीवरच्या ज्या हरण्या रोगानं रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना बागाच्या बागा उपटायला लावल्या, तो कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो आणि त्या विषाणूचं जनुकद्रव्य आरएनए आहे. डीएनए काढून त्याचा शोध घ्यायला गेलात तर रोगट झाडही निरोगी दिसेल. शेंडा गुच्छासारखा करणारा बंची टॉप विषाणू मात्र डीएनएचा आहे. काढण्याची पद्धत इथपासून वेगळी होते.

नमुना

तूरडाळीच्या पोत्यातून वरची मूठभर डाळ उचलली तर तो नमुना त्या मुठीचा असतो, पोत्याचा नव्हे. वरून, मधून, तळातून डाळ घ्या, एकत्र करा, त्यातून पुन्हा वाटा काढा. साधा हिशोब लक्षात ठेवा: शंभरात एक दाणा परका असेल आणि तो ९५ टक्के खात्रीनं हाती लागायला हवा असेल, तर सुमारे ३०० दाणे घ्यावे लागतात. पन्नास दाणे दळून ‘भेसळ नाही’ असं लिहिणं अन्यायाचं आहे, मग तो ग्राहकावर असो की व्यापाऱ्यावर.

पिठाच्या बाबतीत आणखी जपायला हवं. गिरणीत आपल्या आधी कुणाचं काय दळलं गेलं हे पाहूनच आपल्या घरातली माणसं दळण टाकतात, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ दगडात आणि सुपड्यात राहतं हे त्यांना माहीत असतं. पीसीआरला तेवढं पीठ पुष्कळ झालं. बेसनात गव्हाचा किंवा वाटाण्याचा डीएनए सापडला म्हणून लगेच भेसळ म्हणू नये. ठळक सापडला की नावापुरता, हे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरनं पाहावं आणि त्याच गिरणीतून शुद्ध हरभरा दळून तुलनेचा नमुना ठेवावा. तुमच्या मिक्सरलाही हाच नियम. भांडं नुसतं धुऊन भागत नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात दहा मिनिटं ठेवून मग स्वच्छ पाण्यानं धुवा. हायपोक्लोराइट उरलेला डीएनए मोडून टाकतं.

सीटॅबची पद्धत

आपल्याकडच्या प्रयोगशाळांना परवडणारी आणि वनस्पतिजन्य अन्नाला मानवणारी पद्धत सीटॅबचीच. मरे आणि थॉम्प्सन यांनी १९८० मध्ये ती वनस्पतींसाठी मांडली, डॉइल दांपत्यानं १९८७ मध्ये ती सुटसुटीत केली, आणि अन्नातून डीएनए काढण्याच्या आयएसओ २१५७१ या मानकातही तिला जागा आहे. सीटॅब हा एक धनभारित साबण आहे. मीठ भरपूर असेल तर तो प्रथिनांना आणि पिष्टमय पदार्थांना धरून ठेवतो आणि डीएनए पाण्यात मोकळा राहतो.

शंभर मिलिलिटर बफरसाठी २ ग्रॅम सीटॅब, ८.१८ ग्रॅम सोडियम क्लोराइड, सामू ८ असलेल्या १ मोलर ट्रिसचे १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीएचे ४ मिलिलिटर आणि १ ते २ ग्रॅम पीव्हीपी घ्या. ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतं, त्यामुळे डीएनए कुरतडणारी विकरं थांबतात. पीव्हीपी टॅनिनला धरतं. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल बाटलीत आधीच घालून ठेवू नका. वापरायच्या आधी दर मिलिलिटरला २ मायक्रोलिटर, आणि तेही फ्यूम हूडखालीच.

दोनशे मिलिग्रॅम बारीक पूड, तिच्यावर ६५ अंशांना तापवलेला १ मिलिलिटर बफर, पाऊण तास त्याच तापमानाच्या पाण्यात, दर दहा मिनिटांनी नळी हलकेच उलटीसुलटी. मग सेंट्रिफ्यूज करून चोथा खाली बसवा, वरचा द्रव नव्या नळीत घ्या, त्यात आरएनएज घालून थोडा वेळ ठेवा. नंतर द्रवाइतकंच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल यांचं २४:१ मिश्रण घालून हलवा आणि दहा मिनिटं फिरवा. तीन थर दिसतील. खाली क्लोरोफॉर्म, मधे प्रथिनांची पांढरी साय, वर स्वच्छ पाणी. वरचंच घ्या, आणि सायीजवळचं थोडं सोडून द्या. तिथला मोह केला तर प्रथिनं सोबत येतात. वरचा थर गढूळ असेल तर क्लोरोफॉर्मची फेरी पुन्हा करा. शेवटी ०.७ पट आयसोप्रोपेनॉल घालून डीएनए खाली बसवा, ७० टक्के इथेनॉलनं धुवा, वाळवा, पण ठणठणीत वाळवू नका, कारण मग तो विरघळायला तासन्‌तास लावतो. ५० ते १०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवा. या टीईमध्ये ईडीटीए कमीच ठेवा, ०.१ मिलिमोलर, नाहीतर पुढं पीसीआरच्या विकराला लागणारं मॅग्नेशियम तेच बांधून टाकेल.

द्रवरूप नायट्रोजन नाही म्हणून अनेकजण काम सोडून देतात. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवतात, तेव्हा तालुक्याच्या गावीही तो पोहोचतो. महाविद्यालयाच्या पत्रानं चौकशी करून पाहावी. तोही जमला नाही तर वाळवलेला पदार्थ गरम बफरमध्येच खलबत्त्यात वाटा. डाळी, पिठं, मसाले यांना नायट्रोजनची गरजच नसते.

आणि आपल्या हवामानाचं एक. डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा सीटॅबचा बफर बाटलीत पांढरा होऊन बसतो. तो खराब झालेला नसतो. गरम करून हलवा, पुन्हा स्वच्छ होतो. पण याच कारणासाठी क्लोरोफॉर्मची फेरी चार अंशांवरच्या थंड सेंट्रिफ्यूजमध्ये करू नये. पंधरा अंशांच्या खाली सीटॅब डीएनएला घेऊनच खाली बसतो आणि हाती काही लागत नाही.

एकेक पदार्थ

केळं हा आपला सर्वांत जवळचा आणि सर्वांत चिवट नमुना. कच्च्यात स्टार्च ठासून भरलेलं असतं आणि चीक काळा पडतो. पिकताना स्टार्चची साखर होते, ती धुवून जाते, पण पेक्टिन विरघळून मोकळं होतं. दोन्हींवर उपाय जवळपास एकच: पूड किंवा गर आधी थंड सॉर्बिटॉल बफरमध्ये एकदोनदा धुवा, बफरमधलं मीठ २ मोलरपर्यंत वाढवा, आणि नमुना कमी घ्या. नवशिका जास्त डीएनएच्या आशेनं जास्त गर घालतो आणि जास्त पेक्टिन मिळवतो. शेवटचा गोळा काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत आणि पिपेटच्या टोकाला चिकटणारा असेल, तर त्याला डीएनए समजू नका.

केळीचे वेफर्स तपासायचे असतील तर आधी तेल घालवा. हेक्झेनमध्ये दोनदा धुऊन हूडखाली वाळवा. तळताना उष्णतेनं डीएनएचे तुकडे झालेले असतात, म्हणून पीसीआरचं लक्ष्य लहान निवडा, शंभर ते दीडशे बेस जोड्यांचं. हा नियम भाजलेल्या, तळलेल्या, शिजवलेल्या साऱ्याच अन्नाला लागू आहे. लोणच्यालाही, कारण तिथे आंबटपणा तेच काम सावकाश करतो. जात ओळखण्यासाठी २००९ पासून वनस्पतींचे प्रमाण बारकोड मानले गेलेले आरबीसीएल आणि मॅट-के हे प्रदेश लांब आहेत, ते ताज्या पानाला उत्तम. मोडलेल्या डीएनएसाठी ट्रन-एल जनुकातला पी-६ हा आखूड भाग जास्त उपयोगी. हे तिन्ही हरितलवकाच्या कुळातल्या लवकांमधले आहेत आणि पेशीत त्यांच्या प्रती पुष्कळ असतात, त्यामुळे तव्यावरून आलेल्या पदार्थातही थोड्या तरी शाबूत राहतात.

वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर. कापलेली फोड बघता बघता तपकिरी होते तेच नळीतही होतं, आणि तो तपकिरी रंग डीएनएला कायमचा चिकटतो. म्हणून फोड कापली की लगेच गरम बफरमध्ये, पीव्हीपी २ टक्के आणि मरकॅप्टोइथेनॉल थोडं वाढवून. गोळा तपकिरी आला तर पुन्हा पहिल्यापासून केलेलं बरं.

बीटी वांग्याच्या व्यावसायिक लागवडीवर केंद्रानं फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. त्यामुळे वांग्यात क्राय-१-एसी हे बीटी जनुक शोधण्याचा प्रकल्प अधूनमधून निघतो. तयार भरिताचा नमुना घेणार असाल तर थांबून विचार करा. खानदेशात वांगी भाजतात ती बहुधा कपाशीच्या काड्यांवर. आपली कपाशी बहुतांश बीटी, आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीत हेच क्राय-१-एसी जनुक आहे. अर्धवट जळालेला काडीचा कण सालीला चिकटून आला तर वांगं निर्दोष असूनही चाचणी होकारार्थी येऊ शकते. शिवाय भरितात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे असतात. म्हणून शक्यतो कच्चं वांगं घ्या. भाजलेलंच घ्यावं लागलं तर आतला गर घ्या, सोबत कपाशीचं स्वतःचं संदर्भ जनुकही तपासा, आणि निर्णय बीटी वांग्याच्या ईई-१ या विशिष्ट इव्हेंटच्या प्रायमरवर द्या. एकट्या ३५-एस प्रवर्तकावर तर कधीच विसंबू नका. तो मुळात फुलकोबीच्या मोझॅक विषाणूतला आहे, त्यामुळे विषाणू लागलेली कोबी-फ्लॉवरसुद्धा होकार देते.

सरकीच्या तेलाचं विचारलं जातं. शुद्धीकरणात उष्णता, क्षार आणि गाळण्या यांतून गेल्यावर तेलात डीएनए जेमतेम नावापुरता उरतो. उरलेला मिळवायला पुष्कळ तेल घेऊन त्यातला पाण्याचा अंश वेगळा करावा लागतो. तेलातून नकारार्थी निकाल आला म्हणून ‘सरकी बीटी नव्हती’ असा अर्थ काढता येत नाही. सरकीच तपासायची तर सरकी किंवा ढेप घ्या. घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळाशी साका बसतो. त्यात बियांचे कण असतात, डीएनए तिथून काढा. शेंगदाण्याची लाल साल मात्र आधी सोलून टाका, बहुतेक टॅनिन त्या सालीत आहे.

मिरची पुडीचा गडद रंग घाबरवतो, पण क्लोरोफॉर्मच्या दोन-तीन फेऱ्यांत तो बहुतेक खाली उतरतो. मसाल्यांतल्या भेसळीवर आपल्याच देशात चांगलं काम झालेलं आहे. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बाजारातल्या हळद पुडीत दुसऱ्या, रानटी जातीच्या हळदीची मिसळ, आणि मिरची पुडीत जंगली बोराची भुकटी डीएनएवरून दाखवून दिली. दोंडाईच्याच्या मिरची बाजाराजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी याहून चांगला विषय शोधावा लागू नये. रंगासाठी घातलेली रसायनं, डाळीवरचा मेटॅनिल यलो, विटेची भुकटी यांबद्दल मात्र डीएनए काही बोलत नाही. ते रसायनशास्त्राचं काम.

तूरडाळीत किंवा बेसनात लाखेची डाळ शोधणं सर्वांत सोपं. साल निघालेली असते, टॅनिन कमी असतं. प्रथिनं जास्त, म्हणून बफरमध्ये प्रोटिनेज-के घाला. लाखेच्या डाळीत मज्जासंस्थेला अपाय करणारं अमिनो आम्ल असतं म्हणून तिच्या विक्रीवर निर्बंध आहेत, आणि दळल्यावर ती डोळ्यांना ओळखू येत नाही. जळगावसारख्या डाळमिलांच्या शहरात ही चाचणी एखाद्या महाविद्यालयानं नियमित हाती घेतली तर मिलवाल्यांनाही ती हवीच असेल.

कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र. तव्यावर स्टार्च फुगतं आणि नळीत खळ होते. उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज बफरसोबत घातलं की ती पातळ होते. दोन्ही पिकांचा डीएनए मिळेल, पण त्यांच्या डीएनएचं प्रमाण म्हणजे पिठाचं प्रमाण नव्हे. ठरावीक मापानं मिसळलेल्या पिठांच्या भाकऱ्या स्वतः करून त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नका.

मिळालं ते पारखून घ्या

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. ते कमी आलं तर प्रथिनं राहिली आहेत. २६० आणि २३० चं गुणोत्तर दोनच्या जवळ हवं. अन्नाच्या नमुन्यात बहुधा हेच घसरतं, कारण पिष्टमय पदार्थ आणि उरलेली रसायनं २३० ला शोषून घेतात. पण आकड्यांवर भुलू नका. हे यंत्र आरएनएलाही डीएनएतच मोजतं. ०.८ टक्के अगारोजच्या जेलवर पाहा: ताज्या पानाचा डीएनए वर एक घट्ट पट्टा देतो, वेफर्सचा खाली पसरलेला फराटा. तो फराटा म्हणजे अपयश नव्हे, पदार्थाचा इतिहास आहे, आणि आखूड लक्ष्याच्या पीसीआरला तो पुरतो.

पीसीआर चालला नाही तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर चालला, म्हणजे डीएनए होता, रोधक द्रव्यं आड येत होती. प्रत्येक खेपेला एक नळी नमुन्याशिवाय, नुसत्या बफरची, सगळ्या पायऱ्यांतून न्या. तिच्यात पट्टा आला तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. हे मन घट्ट करून मान्य करावं लागतं, आणि मार्गदर्शकांनीही विद्यार्थ्याला त्यासाठी रागावू नये. काढलेला डीएनए लहान लहान भागांत वाटून उणे २० अंशांना ठेवा. आपल्याकडे वीज जाते-येते. एकच मोठी नळी वारंवार वितळून गोठली की डीएनए तुटत जातो. उन्हाळ्यात गावाहून पानांचे नमुने आणायचे असतील तर बर्फाच्या भरवशावर राहू नका. पान पुसून, तुकडे करून सिलिका जेलच्या खड्यांत घाला. दिवसभरात कुरकुरीत वाळतं आणि पंचेचाळीस अंशांच्या प्रवासातही टिकतं.

व्यापारी किंवा शेतकरी गट नमुना घेऊन आला तर त्याला पहिल्यांदाच स्पष्ट सांगा की महाविद्यालयाचा निकाल अभ्यासासाठी आहे. निर्यातीला, तक्रारीला किंवा न्यायालयात चालतो तो एनएबीएल मान्यता असलेल्या आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल. तिकडे पाठवताना नमुन्याचा अर्धा भाग मोहरबंद करून स्वतःकडे ठेवा आणि पिशवीवर पदार्थाच्या नावापुढं तो भाजलेला, तळलेला, आंबवलेला की कच्चा हेही लिहा, म्हणजे तिथली माणसं पद्धत त्यानुसार निवडतील. वापरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बाटलीत, चिठ्ठी लावून साठवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या.